पावती फक्त आम्हीच का दाखवायची?



तलाठी विचारतो, पावती आहे का? फॉरेस्टवाला विचारतो, पुरावा आहे का? ग्रामसेवक म्हणतो, घरपट्टीचा उतारा आण. रेशनकार्डाला गेलं की म्हणतात, राहत असल्याचा दाखला कुठे आहे? वायरमन येतो तो बिल दाखवा म्हणतच वाडीत शिरतो. जन्मल्यापासून मसणात जाईपर्यंत सरकार आपल्याकडे कागद मागत असतं.

आता दुसरीकडे बघा. कारखान्यातून विषारी गाळाचे ड्रम भरून गाडी निघाली, तर तिच्याकडे कागद कोण मागतं? नदीत सांडपाणी सोडणाऱ्याला कोण विचारतं, किती सोडलंस, कधी सोडलंस, पावती दाखव?

माझं म्हणणं एवढंच आहे. पावती मागण्याचा हक्क एकट्या सरकारचा नाही, आपलाही आहे. आणि विषालाही पावती असते. कायद्यानेच ती ठेवलेली आहे. ती आपण मागत नाही म्हणून कुणी दाखवत नाही.

आधी आपल्या पावतीची गोष्ट

इंग्रजांच्या काळात, आपला जिल्हा कुलाबा होता तेव्हा, ठाकूर-कातकऱ्यांना जंगलात नाचणी-वरी करायला दळी जमिनी दिल्या. आपल्या आज्या-पणज्यांनी राब भाजला, माळ फोडले. त्या दळ्यांवर आज तिसरी-चौथी पिढी कसते आहे, पण सातबाऱ्याला नाव नाही. पुढे सरकारने १९७८ साली ठरवलं, की ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून जंगलजमीन कसणाऱ्यांची जमीन नावावर करायची. पण पुरावा पाहिजे. पुरावा कसला? तर दंडाची पावती! म्हणजे ज्याला फॉरेस्टने पकडलं, दंड केला आणि वर पावतीही दिली, तो नशीबवान. ज्याच्याकडून कोंबडी नेली आणि पावती दिली नाही, त्याच्याकडे पुरावा नाही. कोंबडीची पावती कोण देतो?

मे २००२ मध्ये दिल्लीच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाने जंगलातली अतिक्रमणं काढा असं पत्र काढलं, तेव्हा आपण सगळे रस्त्यावर आलो. राज्यभरातल्या संघटनांनी जोर लावला. त्यानंतर १० ऑक्टोबर २००२ चा शासन निर्णय आला. गावात समिती, जुन्या माणसांचे जबाब, जागेवर जाऊन पाहणी, हे सगळं त्यात आलं. म्हणजे कागद नसला तरी माणसाचा शब्द आणि जमिनीवरची खूण हाही पुरावा आहे, हे आपण मान्य करून घेतलं. २००५ साली दिल्लीत वनहक्काचा कायदा करायची बोलणी चालू होती. तिथेही हाच झगडा होता.

आणखी एक उलटी गोष्ट. शहरातला माणूस कर चुकवायला वकील लावतो. आपल्या कातकरी वाडीतला माणूस ग्रामपंचायतीत जाऊन हात जोडतो, साहेब, माझ्या झोपडीला घरपट्टी लावा! कारण घर दुसऱ्याच्या जमिनीवर, गावठाणात नोंद नाही, नमुना नंबर ८ ला नाव नाही. घरपट्टी नाही म्हणजे घर नाही. घर नाही म्हणजे रेशनकार्ड नाही, वीज नाही, काही नाही. कर भरू द्या म्हणून विनवण्या करणारी माणसं दुसरीकडे कुठे बघितलीत?

वरून आपल्याला ऐकवतात, "आदिवासी काय, कर भरत नाहीत, फुकट खातात." हे साफ खोटं आहे. काडेपेटी, साबण, चपला, औषधाची गोळी, जे जे दुकानातून आणतो त्यातल्या कितीतरी वस्तूंच्या किमतीत कर असतो. आधी विक्रीकर होता, १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला. वीटभट्टीवर सहा महिने राबून जो बाजार करतो, तो कर भरूनच करतो. फक्त त्याची पावती आपल्या नावाने फाटत नाही, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

एकाच नदीवर तीन हिशेब

कुंडलिका नदी बघा. भिऱ्याला टाटांचं वीजघर आहे, १९२७ सालापासून. त्यासाठी पलीकडे मुळशीला धरण झालं, मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. घाटावरचं पाणी भिऱ्याला पडतं, वीज होते, वीज तारेवरून मुंबईला जाते. त्या डोंगरातल्या कितीतरी वाड्यांवर मात्र नंतर दोन-तीन पिढ्या रॉकेलची चिमणीच जळली.

तेच पाणी पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्याला येतं. तिथून कालव्याने शेतीला, पाइपाने कारखान्यांना. पेण तालुक्यात हेटवण्याचं धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि पेणच्या खारेपाटात वाशी-शिर्कीकडच्या बाया उन्हाळ्यात हंड्यासाठी वणवण करतात. वरच्या वाड्यांवर डवरा खणून वाटी-वाटीने पाणी भरतात.

आणि कुंडलिकेच्या त्याच खोऱ्यात, धाटावला, एमआयडीसी आहे. तिथे रंगांची, औषधांची, कीटकनाशकांची रसायनं बनतात. सांडपाणी स्वच्छ करून खाडीत सोडायचं, असा नियम आहे. सामायिक प्रक्रिया केंद्रही त्यासाठीच आहे. पण नदीकाठची जुनी माणसं काय सांगतात ते ऐका. पूर्वी निवट्या, कोळंबी, चिंबोऱ्या किती मिळायच्या आणि आता किती मिळतात. मासळी धरणाऱ्या कातकऱ्याला प्रयोगशाळा लागत नाही. त्याचा रिकामा झोळ हीच त्याची तपासणी.

म्हणजे एका नदीवर वीज, पाणी आणि कचरा असे तीन हिशेब चालतात. वीज मोजतात, कारण ती विकायची असते. पाणी मोजतात, कारण त्याची पट्टी येते. कचरा कोण मोजतो? ज्यात पैसा येतो ते मोजायला मीटर आहे. ज्यात आपला जीव जातो ते मोजायला साहेबाला वेळ नाही, माणूस नाही, गाडीत डिझेल नाही.

विषाची रंगीत पावती

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायू सुटला. हजारो माणसं मेली. त्यानंतर सरकारला जाग आली. १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि १९८९ ला धोकादायक कचऱ्याचे नियम आले. पुढे २००० आणि २००३ साली ते सुधारले. त्यात काय आहे ते नीट समजून घ्या, कारण हे साहेब लोक आपल्याला समजावून सांगणार नाहीत.

ज्या कारखान्यात धोकादायक कचरा होतो, म्हणजे रासायनिक गाळ, वापरलेलं तेल, आम्लाची घाण, रिकामे झालेले रसायनाचे ड्रम, त्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून परवानगी घ्यायची. कचरा आवारात साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. मग तो मंजूर जागीच पाठवायचा. आपल्या जिल्ह्यात तळोज्याला असं केंद्र आहे. तिथे तळाला थर टाकलेले खड्डे असतात, विष जमिनीत झिरपू नये म्हणून.

आणि २००५ सालच्या नियमांप्रमाणे गाडी निघताना सहा प्रतींचा कागद करायचा असायचा. प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. पांढरी प्रत कारखान्याने मंडळाला पाठवायची. पिवळीवर गाडीवाल्याची सही घेऊन ती कारखान्याने ठेवायची. गुलाबी कचरा घेणाऱ्या केंद्राकडे राहते. नारिंगी गाडीवाल्याला परत मिळते. हिरवी केंद्राने मंडळाला पाठवायची. आणि कचऱ्याची विल्हेवाट लागली की निळी प्रत कारखान्याला परत जायची.

आता विचार करा. पांढरी आणि हिरवी, दोन्ही मंडळाकडेच येतात. पांढरीवर लिहिलंय दहा ड्रम निघाले आणि हिरवीवर लिहिलंय आठ ड्रम पोचले, तर दोन ड्रम कुठे आहेत? कुणाच्या तरी ओढ्यात, नाहीतर आपल्या जंगलाच्या कडेला. दोन कागद शेजारी ठेवून वजाबाकी करायला इंजिनियर लागत नाही. आश्रमशाळेतलं चौथीचं पोर करेल. पण ती वजाबाकी कुणी करायची हा प्रश्न आहे.

ओढ्यात का टाकतात? केंद्राला पाठवायचं तर टनामागे पैसे द्यावे लागतात, वर गाडीचं भाडं. रात्री एखादा ट्रॅक्टरवाला थोडक्यात काम करून देतो. कारखान्याचा पैसा वाचतो. तो पैसा कुठून वाचला? आपल्या विहिरीतून, आपल्या गुरांच्या पोटातून. आमच्या भागात एका पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्याच्या काठी पोती पडलेली सापडली. पिवळा चिखल होता, नाकाला झोंबणारा. पोत्यांवर नाव नव्हतं. नाव कुणी ठेवत नाही. विषाला बाप नसतो, हे टाकणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

न्हावा-शेव्याचं तेल

ही फक्त रोह्याची गोष्ट नाही. श्रीमंत देशांचा कचरा गरीब देशांत येतो. तो थांबवायला १९८९ साली बासेल करार झाला, भारतानेही त्यावर सही केली. तरी आपल्याच जिल्ह्यात, उरणच्या न्हावा-शेवा बंदरात काय झालं? बाहेरून तेलाचे कंटेनर आले. कागदावर लिहिलेलं, वंगणाचं तेल. आत होतं घातक टाकाऊ तेल. असे १३३ कंटेनर! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २००५ च्या जानेवारीत कोर्टाने सांगितलं, हे तेल भट्टीत जाळून नष्ट करा आणि खर्च आयात करणाऱ्यांकडून घ्या.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, कागद असला म्हणजे खरं असतं असं नाही. जकातीच्या कागदावर मालाचं नाव चांगलं लिहिलं की विषसुद्धा बंदरात उतरतं. दंडाच्या पावतीशिवाय आपल्या आज्याचा शब्द न मानणारं सरकार मोठ्या व्यापाऱ्याचा कागद बघून मान डोलवतं. दुसरी गोष्ट, घाण करणाऱ्यानेच साफ करायचा खर्च द्यायचा, हे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने मान्य केलंय. मग ओढ्यात पडलेल्या पोत्यांचा खर्च कुणी द्यायचा? ग्रामपंचायतीने? आपण?

घरातलं निळं पिंप

बायांनो, हे खास तुमच्यासाठी. आपल्या जवळजवळ प्रत्येक वाडीत पाणी भरायला प्लास्टिकचं निळं पिंप असतं. आठवडी बाजारात, भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतं. कुठून येतं ते? कितीतरी पिंपं रसायनाच्या कारखान्यातून आलेली असतात. आत काय होतं हे भंगारवाल्यालाही माहीत नसतं. नियमात अशी रसायनाची रिकामी पिंपं हासुद्धा धोकादायक कचरा आहे. ती धुऊन, विष काढून मगच बाहेर द्यायची किंवा नष्ट करायची. पण ती बाजारात येतात, आपण राखेने घासतो, दोन दिवस उन्हात ठेवतो आणि पोरांना त्यातलं पाणी पाजतो. घासून वास जातो, विष जातंच असं नाही.

म्हणून ज्या पिंपाचं मूळ माहीत नाही त्यात पिण्याचं पाणी भरू नका. पण मी नुसतं एवढंच सांगून थांबणार नाही. आपण पिंप का घेतो? नळ नाही म्हणून. नळ असता तर पाणी साठवायला विषाचं पिंप कुणी घेतलं असतं? पाणीपुरवठ्याची योजना कागदावर पुरी होते, टाकी कोरडी राहते, आणि कारखान्याचा कचरा आपलं भांडं बनतो. पाण्याचा प्रश्न आणि विषाचा प्रश्न असा एकाच झोपडीत येऊन मिळतो.

गेटवरचा फलक

१४ ऑक्टोबर २००३ ला सुप्रीम कोर्टाने धोकादायक कचऱ्याबद्दल मोठा निकाल दिला. त्याआधी कोर्टाने प्राध्यापक मेनन यांची समिती नेमली होती. देशात वर्षाला सुमारे ४४ लाख टन धोकादायक कचरा होतो असा हिशेब तेव्हा पुढे आला, आणि त्यात आपला महाराष्ट्र सगळ्यांत पुढे. निकालात कोर्टाने एक साधी गोष्ट सांगितली. ज्या कारखान्यात धोकादायक रसायनं आहेत, त्याने मुख्य गेटच्या बाहेर फलक लावायचा. आत कोणती रसायनं आहेत, किती आहेत, सांडपाणी किती, धुरातून काय बाहेर जातं, घातक कचरा किती होतो, सगळं फलकावर. गेटच्या आत नाही, बाहेर. म्हणजे कुणासाठी? रस्त्याने जाणाऱ्या माणसासाठी. आपल्यासाठी.

आम्ही काही पोरं-पोरी हे फलक बघायला फिरलो. काही ठिकाणी फलक दिसला नाही. काही ठिकाणी होता, पण सगळा इंग्रजीत, आकडे कधी लिहिले त्याची तारीख नाही. एका ठिकाणी झाडाच्या फांदीमागे. वॉचमन म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?" हाच तर खरा प्रश्न आहे. आम्हाला काय करायचंय? आम्हाला वाचायचंय.

"कारखाने बंद करायचे का?"

हे लगेच विचारतात. कामगारसुद्धा विचारतात, आणि त्यांचं विचारणं मला समजतं. आपलीही माणसं तिथे ठेकेदाराकडे कामाला जातात. पण ती कोणत्या कामाला जातात ते बघा. टाकी साफ करणं, गाळ उपसणं, ड्रम उचलणं. हातमोजे नाहीत, बूट नाहीत, हजेरीचा कागद नाही. विष सगळ्यात आधी अंगावर घेतो तो आपलाच भाऊ. म्हणजे मोजमाप झालं तर पहिला फायदा त्याचाच आहे. मोजा म्हटलं की कारखाना बंद पडतो, असं असेल तर तो कारखाना आपल्या जिवावरच चालला होता असा त्याचा अर्थ.

दुसरं म्हणतात, मंडळाकडे माणसं कमी आहेत. खरं असेल. पण आपल्या जमिनीवर खुणा करायला, झोपड्या मोडायला पोलिसांसकट माणसं मिळतात ना? माणसं कमी नाहीत. माणसं कुठे पाठवायची ते ठरलेलं आहे.

आणि समजा माणसं कमी आहेत, तर आपण आहोत की! ओढ्यावर, खाडीवर, जंगलात रोज जाणारी माणसं आपण. सरकारी निरीक्षक वर्षातून दोनदा येईल. आपण रोज बघतो. आपली नजर नोंदवहीत आली पाहिजे, एवढंच राहिलंय.

कराच्या पैशाचा हिशेब

कारखानाही कर भरतो, पण त्यात सवलती असतात. १९७७ च्या कायद्याने कारखान्याला २०१७ पर्यंत वापरलेल्या पाण्यावर उपकर भरावा लागत होता. ज्याने सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली त्याला २५ टक्के सूट होती. ज्याचं पाणी नियमात बसत नव्हतं त्याला सूट नव्हती, उलट जास्त दर होता. नियम चांगला होता. पण सूट कुणाच्या तपासणीवर मिळायची? मंडळाच्या. मग नदीत मासे मरतात त्या वर्षीसुद्धा कुणाला सूट मिळाली का, हे विचारायचा हक्क नदीकाठच्या माणसाला आहे की नाही?

दुसरा पैसा ग्रामपंचायतीचा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ प्रमाणे कारखान्यांकडून वेगवेगळ्या करांऐवजी करार करून एक ठोक रक्कम घेता येते. ती रक्कम कधी ठरली? किती ठरली? कारखाना दुप्पट वाढला तरी रक्कम तीच आहे का? ग्रामसभेत हा प्रश्न कधी येतो का? आणि लक्षात ठेवा, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. म्हणजे कारखान्याकडून शंभर रुपये कमी घेतले तर आपल्या वाडीचे पंधरा रुपये गेले. सरपंच आणि कंपनी यांच्यातली ही गोष्ट नाही. आपल्या दिव्याची, आपल्या विहिरीची गोष्ट आहे.

विजेचंही तसंच. १९९९ पासून वीज नियामक आयोग आहे. दर वाढवायचे तर वीज कंपनीला आयोगापुढे जावं लागतं, जनसुनावणी होते, कुणीही हरकत घेऊ शकतो. एन्रॉनचा करार लोकांना अंधारात ठेवून झाला आणि त्या महागड्या विजेने वीज मंडळाचं कंबरडं मोडलं. तेव्हा कळलं की असे करार लोकांपुढे यायला पाहिजेत. पण सुनावणीला आपण जात नाही, म्हणून आपली वाडी तिथे कुणाला आठवत नाही.

मग करायचं काय?

आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. म्हणून पेसा कायद्याने ठाण्या-नंदुरबारच्या अनुसूचित गावांना जे अधिकार मिळाले ते पेण-रोह्याला नाहीत. ती लढाई वेगळी. पण जे हातात आहे ते तरी वापरूया.

१. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडा: गावच्या हद्दीतल्या प्रत्येक कारखान्याच्या गेटवर फलक मराठीत लागला पाहिजे, त्यावर तारीख पाहिजे. ठोक कराची रक्कम आणि १५ टक्के खर्चाचा हिशेब वाचून दाखवला पाहिजे. ठरावाची नक्कल मागून घ्या. नक्कल नाही म्हणजे ठराव नाही.

२. १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मंडळाने नोंदवही ठेवायची असते. कोणत्या कारखान्याला सांडपाण्यासाठी कोणत्या अटी घातल्या ते त्यात असतं. ज्याला त्या सांडपाण्याचा त्रास होतो त्या माणसाला ती नोंदवही बघता येते. हा हक्क नवा नाही. आपण कधी गेलो नाही एवढंच. आता तालुक्यातून पाच-पाच जण जाऊया.

३. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. राज्याचा २००२ चा कायदा होता, त्यात कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर द्यायचं बंधन होतं. मे २००५ मध्ये संसदेने देशासाठीही कायदा मंजूर केला. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला अर्जाची फी लागत नाही. अर्जात मागायचं: अमुक कारखान्याच्या गेल्या वर्षाच्या पांढऱ्या प्रती आणि हिरव्या प्रती, दोन्ही. वजाबाकी आपण करू.

४. ओढ्यात ड्रम, पोती, रंगीत पाणी दिसलं तर हात लावू नका. पोरांना, गुरांना लांब ठेवा. दिवस, वेळ, जागा, गाडीचा नंबर लिहून ठेवा. पोलीस पाटील आणि तलाठ्याला बोलावून पंचनामा करायला लावा. आपण बाटलीत भरलेलं पाणी कोर्टात नमुना म्हणून चालत नाही, तो अधिकाऱ्यानेच कायद्याप्रमाणे घ्यावा लागतो. म्हणून अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

५. अधिकारी आलाच नाही तर? त्याच १९७४ च्या कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन कुणीही माणूस स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो. तशी तक्रार केली की मंडळाने आपल्याकडचे अहवाल मागितल्यावर द्यायचे असतात. म्हणून पोच जपून ठेवा, ६० दिवस त्या तारखेवरूनच मोजता येतात.

६. प्रत्येक वाडीत एक वही ठेवा. आश्रमशाळेतून दहावी-बारावी झालेल्या मुला-मुलींनी ती लिहायची. जुन्या माणसांनी सांगायचं, कुठल्या साली कुठला मासा नाहीसा झाला, कुठल्या विहिरीचं पाणी कधी बदललं. जमिनीच्या दाव्यात आज्याचा जबाब पुरावा धरायला लावला, तसाच नदीच्या दाव्यातही धरायला लावू.

काही जण म्हणतील, आपली लढाई जमिनीची आहे, हे कारखाने आणि करांचं कशाला? साथींनो, उद्या दळी नावावर झाली, सातबारा हातात आला आणि त्या जमिनीतल्या डवऱ्याचं पाणी पिवळं निघालं, तर तो सातबारा घेऊन काय करणार? जमीन म्हणजे नुसता गट नंबर नाही. तिच्यातलं पाणी, तिच्यावरचा पाला, ओढ्यातली चिंबोरी, हे सगळं मिळून जमीन.

इतकी वर्षं आपण कचेरीच्या दारात कागद घेऊन उभे राहिलो. आता कागद मागायला जाऊया. सरकारने आपल्याला एक गोष्ट नीट शिकवली आहे, पावतीशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. ती आपण शिकलो आहोत. पुढचा अंक निघेपर्यंत तुमच्या वाडीने कोणता अर्ज टाकला, कुणाची पोच मिळाली, ते कळवा. आपण छापू.

– तुमचीच एक कार्यकर्ती, रोहा तालुका
मे २००५